झूम की झेप?

अप्रेझल झालं, बोनस खात्यात पडला, होम लोनचा हप्ता वळता होऊनही चार पैसे उरले. आता काय घ्यायचं? अनेकांचं उत्तर तयार असतं – कॅमेरा! कारणही तसंच असतं. गेल्या हिवाळ्यात गँगबरोबर भिगवणला जाऊन आलेलं असतं, आणि मोबाईलवर काढलेला फ्लेमिंगोचा फोटो म्हणजे राखाडी पाण्यावर चार गुलाबी ठिपके. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला की कुणीतरी विचारतंच, "हे काय रे, डाळिंबाचे दाणे?"

मग शनिवारी संध्याकाळी दुकान गाठायचं. काउंटरपलीकडचा मुलगा दोन डबे समोर ठेवतो. एकात सुपरझूम ब्रिज कॅमेरा. "सर, चंद्रावरचे खड्डे दिसतात यातनं!" दुसऱ्यात प्रोफेशनल मिररलेस. "मॅडम, प्रो लोक हाच वापरतात." पहिल्याची किंमत ऐकून भुवया वर जातात, दुसऱ्याची ऐकून खाली बसावंसं वाटतं. आणि आपण एकदम ब्लँक!

तर मंडळी, या आठवड्यात हा गुंता सोडवूया. पण दुकानाच्या एसीत उभं राहून नाही. हे दोन्ही कॅमेरे मनातल्या मनात गळ्यात अडकवून एक चक्कर मारूया. नगर रोडने शिरूर तालुका, न्हावऱ्यावरून पारगावला भीमा ओलांडून दौंड तालुक्यातला चौफुला, बाजूचं सुप्याचं माळरान आणि शेवटी उजनीचं पाणी. पुण्याच्या पूर्वेचा हा पट्टा म्हणजे कॅमेऱ्याची चोख परीक्षा आहे. इथे मोर आहेत, चिंकारा आहेत, फ्लेमिंगो आहेत आणि काळोखी गुऱ्हाळंही आहेत. यातलं तुम्हाला काय टिपायचंय, यावर कॅमेरा ठरतो. दुकानातल्या मुलाला ते माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं.

हे दोघे आहेत तरी कोण?

ब्रिज म्हणजे पूल. खिशातला छोटा कॅमेरा आणि लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा यांच्या मधला. लेन्स कायमची बसवलेली, पण झूम अफाट. निकॉनचा कूलपिक्स पी९०० हा २०१५ मध्ये ८३ पट झूम घेऊन आला आणि चंद्राच्या फोटोंमुळे गाजला. २०१८ चा पी१००० थेट १२५ पटांवर गेला. २०२५ मध्ये आलेल्या पी११०० नेही तीच लेन्स ठेवली. फोटोग्राफीच्या भाषेत २४ ते ३००० मिमी. म्हणजे रांजणगावच्या महागणपतीचं अख्खं देऊळही येतं आणि कळसावर बसलेल्या पोपटाचा डोळाही.

मिररलेस म्हणजे डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेला कॅमेरा. २००८ मध्ये पॅनासॉनिकने या प्रकाराची सुरुवात केली, आणि आज बड्या कंपन्यांचं सगळं नवं काम त्यातच चालतं. इथे बॉडी वेगळी, लेन्स वेगळी. पक्ष्यांसाठी एक नेहमीची जोडी म्हणजे निकॉन झेड८ (२०२३) आणि १८०-६०० मिमी झूम (२०२३).

आता कुणीही म्हणेल, एकीकडे ३०००, दुसरीकडे ६००. पहिला पाचपट जवळचं दाखवतो, वर स्वस्तही आहे. मग घोडं अडलंय कुठे?

आकड्यांमागची गंमत

घोडं अडलंय सेन्सरवर. फोटो ज्यावर उमटतो तो हा चौकोन. पी११०० मध्ये तो सव्वासहा मिमी बाय साडेचार मिमी, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. झेड८ मध्ये ३६ बाय २४ मिमी. क्षेत्रफळात तीस पट फरक! उजेड कमी झाला की छोट्या सेन्सरवर फोटोत रवा पडल्यासारखे दाणे दिसायला लागतात, पिसांचं बारीक काम पुसलं जातं.

पण लगेच ब्रिज कॅमेऱ्याला नावं ठेवू नका. लांबवरच्या, स्थिर बसलेल्या पक्ष्याकडून किती उजेड गोळा होतो, ते लेन्सच्या तोंडावर अवलंबून असतं. पी११०० ची लेन्स पूर्ण झूमवर प्रत्यक्षात ५३९ मिमी असते, एफ/८. भागाकार केला की तोंड निघतं साधारण ६७ मिमीचं. ६०० मिमीला एफ/६.३ वर हेच तोंड ९५ मिमीचं. म्हणजे त्या लांबच्या पक्ष्याकडून मोठी लेन्स उजेड गोळा करते तो दुप्पट, तीस पट नव्हे! म्हणूनच चांगल्या उन्हात, विजेच्या तारेवर शांत बसलेल्या नीलकंठाचा ब्रिजवर काढलेला फोटो बघून भलेभले फसतात.

ब्रिज खरा मागे पडतो तो दोन ठिकाणी. एक, पहाटेच्या उजेडात. दोन, पक्षी उडाल्यावर. आता याच दोन गोष्टी आपल्या रूटवर कुठे कुठे लागतात ते बघू.

पहिला स्टॉप : मोराची चिंचोली

नगर रोडला शिक्रापूरला वळलं की शिरूर तालुक्यातलं हे गाव. चिंचेची झाडं आणि शेतातून फिरणारे मोर, नावातच सगळं आलं. मोराला १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला, पण या गावानं त्याला घरचा पाहुणा मानलंय. कृषी पर्यटनामुळे आता शनिवार-रविवारी पिठलं-भाकरीच्या पंगतीही बसतात.

इथे अंतराचा प्रश्नच नाही. माणसांना सरावलेला मोर बऱ्यापैकी जवळ येऊ देतो. ३००० मिमीचं काम नाही, ४०० मिमीत मोर पिसाऱ्यासकट मावतो का हीच चिंता! पण मोर नाचतो पावसाळ्यात. ढगाळ आभाळ, सकाळी सहा-साडेसहाची वेळ, वर चिंचेची गर्द सावली. उजेडाची बोंब. शिवाय पिसारा फुलवून तो थरथरवतो, ती थरथर गोठवायची तर शटर वेगवान हवं. म्हणजे आणखी कमी उजेड. इथे मिररलेस सरळ सरळ जिंकतो.

एक टीप फुकट घ्या. पिसारा बघायचा तर जून-जुलै-ऑगस्ट. विणीचा हंगाम संपला की मोराची लांब पिसं झडायला लागतात. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन "पिसारा कुठाय?" म्हणून यजमान काकांना छळू नका.

आणि एक इशारा, हा मात्र गंभीरपणे. शिरूर तालुक्यात ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात मुलंही होती. फोटोसाठी उसाच्या कडेला गुडघ्यावर किंवा पोटावर झोपणं, तेही तिन्हीसांजेला, हा अँगल नकोच. 'गोल्डन अवर' रस्त्यावर उभं राहूनही मिळतो. गावातल्या मावशी "पोरांनो, आता आत या" म्हणाल्या की निमूट आत जायचं.

दुसरा स्टॉप : गुऱ्हाळ

न्हावरा मागे टाकून पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली की दौंड तालुका. केडगाव-चौफुल्याच्या बाजूला गुऱ्हाळं लागतात. आधी विचारा, मग आत जा. "दादा, फोटो काढू का?" एवढंच पुरतं, वर गरम काकवीही मिळते.

आत काय असतं? चुलवाणातला लाल जाळ, काहिलीतून उठणारी वाफ, रस ढवळणारे हात आणि बाकी सगळा काळोख. फोटो म्हणून जबरदस्त, कॅमेऱ्यासाठी महाकठीण. ब्रिजची लेन्स झूम न करता एफ/२.८ पर्यंत उघडते, ठीक आहे, पण मागे सेन्सर तो नखाएवढाच. मिररलेसवर मात्र छोटी ३५ मिमी एफ/१.८ ची लेन्स चढवली की त्या जाळाच्या उजेडातच चेहरा उजळतो, फ्लॅश लागत नाही. लेन्स बदलता येण्याची खरी मजा ही आहे. एकच बॉडी सकाळी मोराला, दुपारी गुऱ्हाळाला आणि पुढच्या महिन्यात मावसबहिणीच्या हळदीला.

पण इथेच दुसरी बाजूही बघा. बाहेर धूळ, चोयट्या, उसाच्या ट्रॉल्या. अशा हवेत लेन्स काढली की सेन्सरवर कचरा बसलाच म्हणून समजा. मग प्रत्येक फोटोत आभाळात तोच एक काळा ठिपका. ब्रिज कॅमेऱ्याला हे टेन्शनच नाही, त्याची लेन्स निघतच नाही. शिरूर-पारनेरच्या सीमेवर कुकडीच्या पात्रात निघोजचे रांजणखळगे आहेत, तिथेही अख्खं पात्र आणि एका खळग्याचा तळ दोन्ही एकाच कॅमेऱ्यात मिळतं, बॅग न उघडता.

तिसरा स्टॉप : सुप्याचं माळरान

चौफुल्यावरून मोरगावच्या रस्त्याला लागलं की सुपे. हद्द बारामती तालुक्याची, पण दौंडला चिकटूनच. इथलं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं, क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरच्या जरा वर. महाराष्ट्रातल्या चिमुकल्या अभयारण्यांपैकी एक. नाव मयूरेश्वर, पण हिरो आहे चिंकारा.

चिंकारा लाजरा. माणूस दिसला की अंतर राखून उभा राहणार. समजा तो १५० मीटरवर आहे. खांद्यापर्यंत उंची साधारण ६५ सेंटिमीटर. ६०० मिमीवर तो फ्रेमच्या उंचीच्या जेमतेम ११ टक्के भरतो. झेड८ च्या साडेपंचेचाळीस मेगापिक्सेलमध्ये त्याच्या वाट्याला उंचीत सहाशेच्या आसपास पिक्सेल येतात. पी११०० वर, ३००० मिमीवर, तोच चिंकारा अर्धी फ्रेम भरतो आणि त्याला साडेसतराशेच्या वर पिक्सेल मिळतात. शिवाय तो उभा असतो, आपल्याकडे बघत, अगदी पोझ दिल्यासारखा. हा ब्रिज कॅमेऱ्याचा षटकार!

पण हा षटकार फक्त सकाळच्या सेशनमध्ये बसतो. मार्चनंतर नऊ-साडेनऊ वाजले की जमीन तापते आणि तिच्यावरची हवा थरथरायला लागते. डांबरी रस्त्यावर लांबवर पाणी दिसतं ना, तीच ही हवा. तिच्यातून १५० मीटरवरचा चिंकारा कुठल्याही कॅमेऱ्यात वितळल्यासारखा दिसतो. झूम जितका जास्त, तितकी हवेची थरथरही मोठी होऊन येते. तेव्हा ३००० मिमी घेऊन दुपारी बाराला माळावर उभं राहणं म्हणजे पैसे देऊन घाम गाळणं. सूर्य वर आल्यापासून पुढचे दोन तास, ही ब्रिज कॅमेऱ्याची खिडकी. ती साधली की काम फत्ते.

चौथा स्टॉप : उजनीचं पाणी

आता मेन कोर्स. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण फुगवट्याचं पाणी मागे दौंडच्या खानोट्यापर्यंत पसरतं. भिगवण तसं इंदापूर तालुक्यात, दौंडच्या शेजारी. तिथून जवळच्या कुंभारगाव आणि डिकसळमधून होड्या निघतात. हिवाळ्यात पाणी ओसरायला लागलं, चिखलाचा उथळ पट्टा उघडा पडला की फ्लेमिंगो उतरतात. सोबत पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक, कुरव. आणि माशावर झेपावणारा ऑस्प्रे.

इथे हिशोब पार बदलतो. होडीतून फ्लेमिंगो समजा ५० मीटरवर आहे. उंची सव्वा मीटर धरा. ६०० मिमीमध्ये तो फ्रेमची ६० टक्क्यांहून जास्त उंची भरतो. अगदी परफेक्ट! ३००० मिमीवर त्याच अंतरावर फ्रेमची रुंदी उरते ६० सेंटिमीटरच्याही आत. म्हणजे फ्लेमिंगोची मान आली तर पाय गायब. त्यात होडी हलतेय, पक्षी चालतोय, बाजूचा मित्र शेंगदाणे काढायला खिशात हात घालतोय. एवढ्या झूमवर पक्षी फ्रेममध्ये सापडेपर्यंत तो शेजारच्या जिल्ह्यात पोचलेला असतो. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय तुमच्या हाताची थरथर आवरते, होडीचं डोलणं आणि पक्ष्याची चाल नाही.

आता थवा उठला. इथे दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर सगळ्यात मोठं. पी१००० च्या जातीचा कॅमेरा सेकंदाला सातच्या वेगाने सात फोटो काढतो आणि मग श्वास घ्यायला थांबतो. फोकसही पुढेमागे शोधत राहतो. झेड८ सेकंदाला २० रॉ फोटो काढतो, आणि पक्षी ओळखून त्याच्या डोळ्याला धरून ठेवतो. ऑस्प्रेनं सूर मारल्यापासून मासा घेऊन वर येईपर्यंत जे काही होतं ते काही सेकंदांत संपतं. त्यात शोधाशोध परवडत नाही.

आणि उजेड? पंख गोठवायला शटर १/२००० सेकंद धरा. भर उन्हात एफ/८ वर आयएसओ ५०० च्या आसपास पुरतो. पण सूर्य नुकताच वर आलाय, उजेड भर उन्हाच्या आठव्या हिश्श्याएवढा आहे, तर तोच आकडा ४००० होतो. मोठ्या सेन्सरला ४००० म्हणजे रोजचं काम. नखाएवढ्या सेन्सरला ४००० म्हणजे फोटोवर रवाच रवा. आणि भिगवणला सगळं नाट्य घडतं ते नेमकं याच वेळी, पाणी सोनेरी असताना.

थोडक्यात स्कोअर असा. मोर, गुऱ्हाळ, उडता थवा मिररलेसकडे. चिंकारा, तारेवरचे पक्षी, चंद्र आणि 'एकच कॅमेरा, नो झंझट' ब्रिजकडे.

"दादा, अजून जवळ"

स्कोअरकार्डात न बसणारी एक गोष्ट, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

उजनीवर होडी चालवणारे बरेच जण मूळचे मच्छीमार. पक्षी त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले कळतात, किती जवळ गेलं की थवा उठतो तेही कळतं. पण होडीतला शहरी पाहुणा म्हणतो, "दादा, अजून जवळ घ्या ना." एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पैसे पाहुण्याचे, त्यामुळे दादांना फार नाही म्हणता येत नाही. थवा उठतो, सगळे क्लिकक्लिकाट करतात, टाळ्या पडतात. पुढच्या होडीसाठी पुन्हा तेच. फ्लेमिंगो दिवसाचे कित्येक तास मान खाली घालून चिखलपाणी गाळत असतो, तेच त्याचं जेवण. दर वीस मिनिटांनी ताटावरून उठवलं तर पाहुणा पुन्हा येईल का? आणि पाहुणा आला नाही तर दादांच्या होडीत बसणार कोण?

म्हणून लांब झूमचं खरं मोल काय, तर पक्ष्याला न उठवता फोटो मिळणं. या बाबतीत ब्रिज कॅमेऱ्याला पैकीच्या पैकी मार्क द्यायला हवेत. आणि ज्यानं दोनशे मिमीची लेन्स घेऊन होडी थव्यात घुसवली, त्याच्या बॉडीवर कितीही भारी नाव असो, शून्य. तुमच्या कॅमेऱ्याला जेवढं अंतर झेपत नाही, तेवढ्याचा फोटो सोडून द्यायचा. दुर्बीण लावून बघा, तेही सुख कमी नाही.

खिशाचा आणि खांद्याचा हिशोब

अमेरिकेत लाँच झाले तेव्हाचे भाव बघा, म्हणजे प्रमाण कळेल. पी११०० : १,१०० डॉलर. झेड८ : ४,०००, त्यावर १८०-६०० ची लेन्स १,७००, एकूण ५,७००. पाचपटीहून जास्त. आपल्याकडचा आजचा भाव दुकानातच विचारा, पण फरक साधारण याच मापाचा निघेल. त्यात वेगवान कार्ड, जादा बॅटरी, बॅग, विमा आणि एवढ्या मोठ्या फायली उघडायला दमदार लॅपटॉप. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! फक्त इथे कोंबडीही चार आण्याची नाही.

वजन? पी११०० साधारण १.४ किलो. झेड८ आणि लेन्स मिळून तीन किलो. पुणे-दौंड गाडीतून उभ्यानं जायचंय की बाईकवर मागे बसून, त्याचा विचार करा. तीन किलोचं ओझं पहिल्या रविवारी रुबाब वाटतं, तिसऱ्या रविवारी कपाटात राहतं.

मग मधला मार्ग नाहीच का? आहे, आणि मला विचाराल तर पगारदार माणसानं आधी तिकडेच बघावं. सगळेच मिररलेस तीन किलोचे नसतात. कॅननचा ईओएस आर१० (२०२२) आणि आरएफ १००-४०० मिमी (२०२१) ही जोडी घ्या. सेन्सर मधल्या मापाचा, त्यामुळे लेन्स ६४० मिमीसारखी वागते. दोन्ही मिळून वजन जेमतेम १,०६५ ग्रॅम. हो, पी११०० पेक्षा कमी! लाँचचा भाव दोन्ही मिळून साधारण १,६३० डॉलर, म्हणजे ब्रिजच्या दीडपट. शटर सेकंदाला १५ वेळा चालतं, पक्षी-प्राणी ओळखणारा फोकस आहे. लेन्स पूर्ण झूमवर एफ/८ म्हणजे तोंड फक्त ५० मिमीचं. त्यामुळे लांबच्या, शांत उभ्या चिंकाऱ्यासाठी पी११०० च सरस. पण मोर, थवा आणि ऑस्प्रेसाठी ही जोडी ब्रिजला आरामात मागे टाकते. आणि उद्या पैसे आले की लेन्स बदलता येते, कॅमेरा टाकून द्यावा लागत नाही.

झूमची एकसंध सोय हवीच असेल, तर सोनीचा आरएक्स१० मार्क ४ (२०१७) वापरलेला, चांगल्या स्थितीत मिळतोय का बघा. एक इंची सेन्सर, २४ ते ६०० मिमी, पूर्ण झूमवरही एफ/४, सेकंदाला २४ फोटो. वजन साधारण १.१ किलो. ब्रिज घराण्यातला हा सगळ्यात हुशार मुलगा.

मग घ्यायचं काय?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. उत्तरं खरी द्या, इथे इंटरव्ह्यू नाहीये.

पहिला, वर्षातून किती रविवार पहाटे साडेचारला उठणार? पाच-सहाच्या आत असेल तर ब्रिज घ्या आणि मजा करा. उरलेल्या पैशात अनेक वेळा भिगवणला जाऊन याल, माशाच्या थाळीसकट. पंधरा-वीस असतील, तर मिररलेसचा विचार सुरू करा.

दुसरा, फोटोचं पुढे काय होतं? मोबाईलच्या पडद्यावर आणि ग्रुपवर जाणार असेल, तर तिथे हजारभर पिक्सेल रुंदीवर सगळं आटोपतं. तेवढ्यात ब्रिज आणि प्रो यांच्यातला फरक चांगल्या उन्हात फारसा कळतही नाही. भिंतीवर १२ बाय १८ इंचाची फ्रेम लावायची असेल, स्पर्धेत पाठवायचा असेल, कुणाला विकायचा असेल, तर मोठा सेन्सर लागेल.

तिसरा, डोळे मिटल्यावर कुठला फोटो दिसतो? माळावर उभा चिंकारा, की पाण्यावरून उठलेला थवा? एकाला झूम लागतो, दुसऱ्याला झेप पकडणारा कॅमेरा. दोन्ही एकाच डब्यात आजही मिळत नाहीत, कितीही पैसे मोजले तरी!

आणि उत्तर आलं तरी लगेच कार्ड स्वाइप करू नका. पुण्यात कॅमेरा आणि लेन्स भाड्यानं देणारी दुकानं आहेत. शनिवार-रविवारसाठी जोडी भाड्यानं घ्या, एक सकाळ माळावर काढा, एक सकाळ पाण्यावर. घरी येऊन फोटो मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मग खांदा किती दुखतोय तेही बघा. बारा महिन्यांच्या ईएमआयपेक्षा दोन दिवसांचं भाडं केव्हाही स्वस्त.

निघण्याआधी...

• मोरांसाठी जून ते ऑगस्ट, फ्लेमिंगोंसाठी साधारण जानेवारी ते मार्च. उजनीत पाणी जास्त असेल तर फ्लेमिंगो उशिरा येतात, म्हणून होडीवाल्या दादांना आधी फोन करा.

• होडीत ट्रायपॉड नको, होडी हलली की तोही हलतो. हात गुडघ्यावर टेकवा, तेवढा आधार पुष्कळ.

• ब्रिज असेल तर आधी झूम कमी ठेवून पक्षी शोधा, मग वाढवा. थेट ३००० वर शोधायला गेलात तर फक्त आभाळ सापडेल.

• मिररलेस असेल तर लेन्स गाडीच्या आत, काचा लावून बदला. माळावर आणि गुऱ्हाळाबाहेर नाही.

• नऊच्या पुढे हवा थरथरायला लागली की कॅमेरा बॅगेत, आणि आपण मिसळीच्या टेबलावर.

• कुरवांना शेव-फरसाण टाकू नका. फोटो मिळतो, पण पक्ष्यांचं पोट बिघडतं.

बाकी काय? सुट्टी टाका, टाकी फुल करा, आणि दुकानातल्या मुलाला पुढच्या वेळी तुम्हीच विचारा, "काय रे, तू कधी भिगवणला गेलायस का?"